संदर्भसूचीचे एचटीएमएल कसे रचावे, म्हणजे सीएसएस बदलले तरी नोंदी विस्कटणार नाहीत?

धागा

मी एका संशोधनपर नियतकालिकाच्या संकेतस्थळाचे तांत्रिक काम पाहतो. प्रत्येक लेखाच्या शेवटी संदर्भसूची असते आणि आजवर ती लेखकाच्या मसुद्यातून उचलून जशीच्या तशी परिच्छेद म्हणून डकवली जात असे. ग्रंथनाम तिरप्या ठशात, खंडाचा क्रमांक ठळक, बाकी मजकूर साधा. आता संपादकांना पडद्यावर चौकटी कंसातील क्रमांकांची सूची हवी आहे आणि त्याच पानाच्या छापील प्रतीत लेखक-वर्ष पद्धतीची, पहिली ओळ बाहेर आणि पुढच्या ओळी आत असलेली सूची हवी आहे. हे केवळ स्टाइलशीट (पान कसे दिसावे याचे सीएसएसमध्ये लिहिलेले नियम) बदलून व्हावे ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. परंतु जुन्या मार्कअपमध्ये (मजकुराला लावलेल्या एचटीएमएलच्या टॅगांमध्ये) ते शक्य नाही, कारण तिरपा ठसा देणारा ‘आय’ टॅग ग्रंथनामालाही आहे, नियतकालिकाच्या नावालाही आहे आणि शीर्षकात आलेल्या एखाद्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावालाही आहे. या तिघांत फरक कसा करायचा हे सीएसएसला कळायला मार्ग नाही.

म्हणून नोंदींची रचना नव्याने बांधायला घेतली आहे. नमुना म्हणून आइन्स्टाइन, पोडॉल्स्की आणि रोझेन यांचा १९३५ सालचा ‘फिजिकल रिव्ह्यू’मधील निबंध घेतो; खंड ४७, पृष्ठे ७७७ ते ७८०. त्यात अडचणीच्या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: लेखक तीन आहेत आणि शीर्षक प्रश्नचिन्हाने संपते. सगळी सूची ‘ओएल’ या क्रमांकित यादीच्या टॅगमध्ये आहे, प्रत्येक नोंद ‘एलआय’, म्हणजे यादीतला एक घटक आहे आणि तिला स्वतःचा आयडी आहे. नोंदीच्या आत ‘स्पॅन’ (मजकुराचा तुकडा वेगळा करणारे टॅग) आहेत आणि त्यांचे क्लास, म्हणजे सीएसएसला ओळखू यावीत अशी नावे, असे: प्रथम लेखकगट, त्याच्या आत तीन वेळा लेखक, प्रत्येक लेखकाच्या आत आडनाव आणि नाव, मग वर्ष, लेखनाम, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि शेवटी दुवा (तो मात्र ‘ए’ टॅगमध्ये). क्लासची नावे मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत. सीएसएसला त्याचे वावडे नाही आणि संपादकांनाही मार्कअप वाचता येते.

तीन ठिकाणी अडलो आहे. ‘साइट’ हा टॅग नेमका कशाभोवती लावावा? स्वल्पविराम, पूर्णविराम आणि कंस मजकुरात लिहावेत की सीएसएसने उमटवावेत? आणि वर्ष एका पद्धतीत लेखकांच्या मागोमाग येते, तर दुसऱ्या पद्धतीत खंडाच्या जवळ. ही उलटापालट सीएसएसवर सोपवता येईल का?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे, त्यामुळे जुन्या लेखांत परस्परविरोधी सल्ले सापडतात. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये ‘साइट’ म्हणजे अन्य स्रोताचा उल्लेख किंवा निर्देश, इतकी सैल व्याख्या होती आणि तिथल्या उदाहरणात तो टॅग चक्क एका व्यक्तीच्या नावाभोवती होता. पुढे ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या प्रमाणकाने तो कृतीच्या शीर्षकापुरता मर्यादित केला आणि व्यक्तीचे नाव म्हणजे शीर्षक नव्हे असे बजावले. उलट डब्ल्यूथ्रीसी या वेब-प्रमाणकांच्या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस केलेल्या एचटीएमएल ५ मध्ये शीर्षक, लेखकाचे नाव किंवा यूआरएल यांपैकी काहीही चालत होते. २०१९ मध्ये दोन्ही संस्थांनी एचटीएमएलचे एकच प्रमाणक ठेवण्याचे ठरवले आणि त्यात शीर्षकाची व्याख्या टिकली.

विकिपीडियाच्या संदर्भ-साच्यांत संपूर्ण नोंदच ‘साइट’मध्ये गुंडाळलेली दिसते आणि मग तिचा तिरपा ठसा स्टाइलशीटमधून काढून टाकावा लागतो. ते पाहून अनुकरण करू नये. लेखाचे शीर्षक हेही कृतीचे शीर्षकच असल्याने ‘साइट’ लेखनामालाही लावता येतो आणि ग्रंथनामालाही. दोहोंतला फरक क्लासने दाखवावा, टॅगचा मूळचा तिरपा ठसा एका नियमाने रद्द करावा आणि ज्या क्लासला तो हवा असेल त्यालाच परत द्यावा. लेखनामासाठी ‘क्यू’ टॅग वापरण्याचा मोह होतो, कारण ब्राउझर अवतरणचिन्हे आपोआप घालतो. तो टॅग दुसऱ्याचे शब्द उद्धृत करण्यासाठी आहे, एखाद्या लेखाचे नाव सांगण्यासाठी नाही.

प्रतिसाद २

विरामचिन्हे पूर्णपणे सीएसएसकडे द्यावीत असे माझे मत आहे. मार्कअपमध्ये माहितीचे तुकडे तेवढे राहावेत. पद्धत बदलली की स्टाइलशीट बदलते आणि हजारो नोंदींपैकी एकीलाही हात लावावा लागत नाही. लेखनामाला ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ने (घटकाच्या आरंभी व शेवटी मजकूर उमटवण्याची सीएसएसची सोय) अवतरणचिन्हे, वर्षाला त्याच मार्गाने कंस, लेखकांमध्ये अर्धविराम आणि शेवटच्या लेखकाआधी ‘व’, एवढे नियम लिहिले की काम संपते.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते, ती सांगून ठेवतो. पहिली मोकळ्या जागेची. स्रोतात दोन ‘स्पॅन’ वेगवेगळ्या ओळींवर असतील तर त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा उमटते. अशा वेळी स्वल्पविराम पुढच्या तुकड्याच्या ‘बिफोर’मध्ये दिला तर तो त्या मोकळ्या जागेनंतर येतो आणि आधीच्या शब्दापासून तुटून लोंबकळत राहतो. तोच आधीच्या तुकड्याच्या ‘आफ्टर’मध्ये दिला तर शब्दाला चिकटून बसतो. म्हणून चिन्ह नेहमी आधीच्या तुकड्याच्या पदरात टाकावे.

दुसरी ठेच ‘लास्ट-ऑफ-टाइप’ या सिलेक्टरची (नियम कोणत्या घटकाला लागावा हे निवडणाऱ्या खुणेची). नाव वाचून वाटते की तो त्या क्लासमधला शेवटचा घटक शोधेल. प्रत्यक्षात तो टॅगचा प्रकार पाहतो आणि आपल्या नोंदीत तर जवळपास सगळेच ‘स्पॅन’ आहेत. लेखक थेट ‘एलआय’मध्ये ठेवले असते तर शेवटचा ‘स्पॅन’ म्हणून पृष्ठसंख्या हाती आली असती. आपण लेखकगट वेगळा गुंडाळला आहे, तेच आपल्याला तारणार आहे. ज्यांना गट करता येत नाही त्यांच्यासाठी ‘एन्थ-लास्ट-चाइल्ड’मध्ये ‘ऑफ’ लिहून क्लास देण्याची सोय आहे आणि ती २०२३ पासून सर्व मुख्य ब्राउझरांत चालते. लेखक तीनपेक्षा जास्त असतील तर चौथ्यापासून पुढचे लपवून ‘व इतर’ लिहिणेही ‘हॅज’ सिलेक्टरने साधते.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. ‘साइट’चा प्रश्न मिटला. विरामचिन्हांचा प्रयोग मात्र प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे चाळीस-एक नोंदींवर करून पाहिला आणि त्यातून निघालेले निकाल संमिश्र आहेत.

पडद्यावर सूची देखणी दिसली. नंतर संपादकांपैकी एकांनी एक नोंद निवडून आपल्या लेखात कॉपी केली, तेव्हा सीएसएसने उमटवलेले एकही चिन्ह सोबत गेले नाही. ‘आइन्स्टाइन अल्बर्ट पोडॉल्स्की बोरिस रोझेन नेथन १९३५’ अशी नावांची रांग लागली आणि त्यात आडनाव कुठले व नाव कुठले हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळावे अशी स्थिती झाली. संदर्भसूचीचा मुख्य उपयोगच मुळी नोंद उचलून नेणे हा असतो, म्हणून हा दोष मला किरकोळ वाटत नाही. ब्राउझरच्या वाचन-दृश्यातही तेच घडले, कारण तिथे आपली स्टाइलशीट लागूच होत नाही.

दुसरी अडचण प्रश्नचिन्हाची. लेखनामाच्या ‘आफ्टर’मध्ये पूर्णविराम दिला की या नमुन्यात प्रश्नचिन्हापाठोपाठ पूर्णविराम उमटतो. मजकुराचे शेवटचे अक्षर कोणते हे पाहून निर्णय घेणारा सिलेक्टर सीएसएसमध्ये नाही. म्हणजे अशा प्रत्येक शीर्षकाला ‘पूर्णविराम-नको’ असा क्लास द्यावा लागणार, आणि मग विरामचिन्हे मार्कअपमधून काढून मिळवले काय?

प्रतिसाद ३

आपल्याला जी गोष्ट चाळीस नोंदींत कळली, ती शास्त्रीय नियतकालिकांच्या प्रकाशनव्यवहारात बरीच आधी कळलेली आहे. तिथे लेख साठवण्यासाठी जॅट्स नावाची एक्सएमएल रचना वापरली जाते. २००३ सालच्या एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या) रचनेतून ती उत्क्रांत झाली आणि २०१२ मध्ये ती अमेरिकेतील निसो या संस्थेचे प्रमाणक झाली. त्या रचनेत संदर्भनोंदीसाठी दोन वेगळे घटक आहेत. ‘एलिमेंट-सायटेशन’मध्ये केवळ माहितीचे तुकडे असतात, विरामचिन्हे दाखवणाऱ्या प्रणालीने घालायची असतात. ‘मिक्स्ड-सायटेशन’मध्ये तेच तुकडे असतात, पण त्यांच्या मधला मजकूर, चिन्हे आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा जपल्या जातात. एकच घटक पुरला असता तर दोन ठेवले नसते.

वेबपानासाठी माझा कौल निःसंशय दुसऱ्या घटकाच्या बाजूने आहे. वाचकाच्या हाती पडते ते अंतिम रूप असते. ते स्टाइलशीटशिवायही अर्थपूर्ण वाचले गेले पाहिजे. म्हणून कुठल्यातरी एका पद्धतीनुसार खरी विरामचिन्हे मजकुरात लिहावीत, तुकड्यांना क्लास द्यावेत आणि ज्या चिन्हांची पद्धतीनुसार अदलाबदल होते, उदाहरणार्थ वर्षाभोवतीचे कंस, तेवढीच ‘विराम’ अशा क्लासच्या छोट्या ‘स्पॅन’मध्ये ठेवावीत. दुसऱ्या स्टाइलशीटला ती नको असतील तर लपवता येतात. सगळीच चिन्हे गुंडाळायला गेलात तर मार्कअप खडीसारखे होते. मी एकदा तसे करून पाहिले आणि दोन आठवड्यांनी माझे मलाच ते वाचता येईना.

याचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. चिन्ह तुकड्याच्या आत उमटवले की ते त्या तुकड्याचे रूप घेते. दुव्याच्या ‘आफ्टर’मधल्या पूर्णविरामाखाली रेघ येते आणि तो दाबताही येतो; तिरप्या ग्रंथनामामागचा स्वल्पविरामही तिरपा होतो. चिन्ह ‘स्पॅन’च्या बाहेर साध्या मजकुरात असेल तर यातले काहीच घडत नाही.

आता तिसरा प्रश्न, वर्षाच्या जागेचा. सीएसएसमध्ये ‘ऑर्डर’ हा गुणधर्म आहे खरा, परंतु तो फ्लेक्स किंवा ग्रिड या चौकटींच्या मांडणीतल्या घटकांनाच लागू होतो. नोंदीला फ्लेक्स केले की आतला प्रत्येक ‘स्पॅन’ स्वतंत्र चौकट बनतो. लांब शीर्षक परिच्छेदासारखे वाहत पुढच्या ओळीवर जायचे सोडून आपल्याच चौकटीत दुमडते आणि वर्ष त्याच्या शेजारी वेगळ्या खोक्यात बसते. शिवाय हा क्रम केवळ दिसण्यापुरता असतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे साधन) आणि कॉपी करणारा माणूस या दोघांना जुनाच क्रम मिळतो. वर्ष दोनदा लिहून एक लपवणे ही युक्ती काहीजण करतात आणि एका फरकापुरती ती चालतेही, पण नावांचा क्रम, आद्याक्षरे, नियतकालिकांची संक्षिप्त नावे अशी मागणी वाढत गेली की प्रत्येक नोंदीत दोन नोंदी लपलेल्या असतात आणि दुरुस्ती करताना त्यांपैकी एक हमखास विसरली जाते. पूर्ण नावाचे आद्याक्षर करणे तर सीएसएसच्या आवाक्यातच नाही.

म्हणून क्रम बदलायचा असेल तर तो पान तयार होण्याआधी बदलावा. मूळ नोंदी माहितीच्या रूपात साठवाव्यात आणि सीएसएल या संदर्भशैली लिहिण्याच्या भाषेतल्या शैलीनुसार सिटप्रॉकसारख्या साधनाकडून एचटीएमएल काढून घ्यावे. सीएसएलच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली तयार आहेत. एक सावधगिरी बाळगावी: या साधनाच्या नेहमीच्या एचटीएमएलमध्ये नोंदीला आणि फार तर क्रमांकाच्या व मजकुराच्या भागाला क्लास असतात, लेखक किंवा वर्ष असे तुकडे वेगळे केलेले नसतात. ते हवे असतील तर आपल्याला साच्यात स्वतः घालावे लागतील. तुमच्या संपादकांच्या दोन मागण्यांपैकी क्रमांक आणि ओळींची ठेवण हे सीएसएसचे काम आहे. वर्षाची जागा हे नाही.

प्रतिसाद २ लिहिणारा

कॉपीचा मुद्दा मान्य आहे. मी आजवर सूची केवळ दिसण्याच्या अंगाने तपासत होतो. अवतरणचिन्हे मात्र अजूनही सीएसएसने द्यावीत असे मला वाटते, कारण ती गेली तरी नोंदीचा अर्थ हरवत नाही.

आणि क्रमांकांविषयी: चौकटी कंस मजकुरात लिहू नयेत. ‘काउंटर-स्टाइल’ या नियमाने देवनागरी अंकांची तयार पद्धत पायाला घेऊन तिच्या आधी आणि नंतर कंस जोडता येतात. छापील प्रतीत क्रमांक नको असेल तर यादीचे चिन्ह काढून टाकावे, डावीकडून दोन एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे माप) पॅडिंग द्यावे आणि ‘टेक्स्ट-इंडेंट’ उणे दोन एम ठेवावा. पहिली ओळ बाहेर येते. हा गुणधर्म वारशाने आतल्या घटकांकडे उतरतो हे ध्यानात ठेवावे. नोंदीत एखादा ‘इनलाइन-ब्लॉक’ केलेला घटक असेल तर त्याचा मजकूरही दोन एम डावीकडे सरकतो आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

प्रतिसाद ४

मी स्क्रीन रीडर वापरतो, म्हणून थोडक्यात. यादीचे चिन्ह सीएसएसने काढून टाकले की सफारीमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर तिला यादी म्हणून ओळखणेच थांबवतो आणि एकूण नोंदी किती, हे मला कळत नाही. चिन्ह काढणार असाल तर ‘ओएल’वर यादीची भूमिका ‘रोल’ अ‍ॅट्रिब्यूटने पुन्हा लिहावी.

संपूर्ण विभागाला ‘डॉक-बिब्लिओग्राफी’ ही भूमिका द्यावी आणि मजकुरातून सूचीकडे नेणाऱ्या दुव्याला ‘डॉक-बिब्लिओरेफ’. प्रत्येक नोंदीसाठी डिजिटल प्रकाशनाच्या भूमिकांविषयीच्या २०१७ च्या प्रमाणकात ‘डॉक-बिब्लिओएंट्री’ होती, ती पुढच्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली आहे. जुने लेख वाचून ती लावू नये. साधा ‘एलआय’ पुरेसा आहे.

प्रतिसाद ५

मराठी आणि इंग्रजी नोंदी एकाच सूचीत असतील तर ‘लँग’ अ‍ॅट्रिब्यूट प्रत्येक नोंदीवर लिहिणे ही चैन नसून गरज आहे. बहुतेक देवनागरी फाँटांना स्वतंत्र तिरपा ठसा नसतो. ब्राउझर मग सरळ अक्षरेच यांत्रिकपणे कलंडवतो. शिरोरेषा जागेवर राहते, काने झुकतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात. ‘फाँट-सिंथेसिस’ गुणधर्माने हे कलंडवणे बंद करता येते, पण मग ग्रंथनाम इतर मजकुरासारखेच दिसते. त्याऐवजी ‘लँग’ सिलेक्टरने मराठी नोंदींतील ग्रंथनामाला किंचित ठळक वजन द्यावे आणि इंग्रजी नोंदींत तिरपा ठसा राहू द्यावा. ग्रंथनाम म्हणजे काय हे मार्कअपने एकदा सांगितले असेल तर ते कसे दाखवावे हे प्रत्येक लिपीने आपापल्या सोयीने ठरवावे, आणि ‘आय’ टॅग लिहिणाऱ्याला ही सोय कधीच मिळत नाही.

डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असलेल्या नोंदींत, ते क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या २०१७ पासून लागू झालेल्या सूचनेनुसार पूर्ण यूआरएल दाखवायचा असतो. तो अरुंद पडद्यावर चौकटीबाहेर जातो. दुव्याच्या क्लासला ‘ओव्हरफ्लो-रॅप’ द्यावा. यूआरएलमध्ये हाताने मोकळ्या जागा घालू नयेत, कारण त्या कॉपी होतात आणि दुवा मोडतो.

धागाकर्ता

सर्व सूचनांनुसार रचना बदलली आहे. विरामचिन्हे मजकुरात आणली, वर्षाचे कंस तेवढे ‘विराम’मध्ये ठेवले, वर्षाची जागा साच्यात ठरवली आणि छापील प्रतीसाठी वेगळे एचटीएमएल काढायचे संपादकांनी मान्य केले. त्याच आइन्स्टाइन-पोडॉल्स्की-रोझेनच्या नोंदीची कॉपी साध्या मजकुराच्या खिडकीत डकवून पाहिली. अर्धविराम, कंस, प्रश्नचिन्ह सगळे जागच्या जागी आले.

आयडींविषयी एक गंमत आढळली. आधी मी त्यांना नुसते क्रमांक दिले होते. रोमन लिपीतल्या अंकाने सुरू होणारा आयडी सीएसएसमध्ये विशेष खूण केल्याशिवाय लिहिता येत नाही, देवनागरी अंकाने सुरू होणारा मात्र बिनतक्रार चालतो. तरीही क्रमांक सोडून दिले, कारण मध्ये एक नोंद वाढली की पुढचे सगळे दुवे चुकतात. आता आडनाव आणि वर्ष मिळून आयडी होतो. कोणी तो दुवा पाठवला की पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी नऊ अक्षरे उमटतात आणि पत्ता मारुतीच्या शेपटासारखा वाढतो, एवढे सोसले.

एक अडचण उरली आहे. परभाषेतील शीर्षक देवनागरीत लिहून दाखवणाऱ्या तुकड्याला मी ‘दुसऱ्या-लिपीत’ असा क्लास दिला आहे. माझ्या संगणकावर लिहिलेल्या नोंदींना नियम लागू होतो. एका सहकाऱ्यांनी भरलेल्या नोंदींना होत नाही. शुद्धलेखन तपासले, अक्षरन् अक्षर सारखे आहे.

प्रतिसाद ३ लिहिणारा

दिसायला सारखे असेल. ‘ऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षरचिन्ह म्हणून लिहिता येतो, साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि काही कळफलक र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून तोच आकार उमटवतात. क्लास जुळवताना ब्राउझर चिन्हे एकेक करून ताडतो, ती समतुल्य आहेत का हे पाहत नाही. सहकाऱ्यांचा कळफलक वेगळा असणार. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही अशीच मुकाट्याने नियम बंद पाडते, पण ती निदान डोळ्यांना दिसते.

धागाकर्ता

तेच निघाले. त्यांच्या नोंदींत र आणि नुक्ता असे दोन चिन्ह होते. क्लासचे नाव सगळीकडे ‘लिप्यंतर’ केले आहे.